एकच नाव, चार माणसं

एका ई-वार्तापत्राच्या संपादकांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांचं वार्तापत्र पुण्यातून दर महिन्याला ईमेलनं जातं आणि बारा वर्षांचे सगळे अंक त्यांनी वेबसाइटवर ठेवले आहेत. कुठल्याही नावावर क्लिक केलं की त्या नावाशी जोडलेलं सगळं एका पानावर दिसतं. 'किरण' हे नाव आणि पुण्यात गल्लोगल्ली सापडणारं एक आडनाव, अशी किमान चार माणसं त्यामुळे एकाच पानावर आली आहेत. एक वेताळ टेकडीवरच्या पक्ष्यांवर लिहिणारी, दुसरी सवाई गंधर्व महोत्सवाचे वृत्तांत देणारी, तिसरी पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचा पाठपुरावा करणारी. चौथ्या व्यक्तीनं स्वतः काहीच लिहिलेलं नाही. तिच्यावर श्रद्धांजलीचा लेख छापला होता. गेल्या महिन्यात पक्ष्यांवरचा नवा लेख आला. एका जुन्या वाचकानं नावावर क्लिक केलं, खाली श्रद्धांजली पाहिली आणि सांत्वनासाठी थेट घरी फोन केला. हे निस्तरायचं कसं, असं संपादक विचारतात.

मी पुण्यातल्या ग्रंथालयांत बत्तीस वर्षं कॅटलॉगचं काम केलं. त्यातला मोठा भाग नावांचाच होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यांत आधी, आजच्या आज, तो श्रद्धांजलीचा लेख त्या पानावरून काढा. लेख संग्रहात राहू द्या, फक्त नावाची जोडणी तोडा. मग ज्यांच्या घरी फोन गेला त्यांना आणि गेलेल्या व्यक्तीच्या घरच्यांना स्वतः फोन करा. बाकीचं काम महिनाभर चाललं तरी हरकत नाही.

आता कारण. तुमच्या प्रणालीत 'माणूस' अशी काही वस्तूच नाही. तिच्याकडे आहे ती अक्षरांची एक ओळ. दोन लेखांखाली तीच अक्षरं त्याच क्रमानं आली की तिच्या दृष्टीनं ते एक. शिवाय ज्यानं लेख लिहिला तो आणि ज्याच्याविषयी लेख लिहिला तो, हा भेदही तिनं ठेवलेला नाही. ग्रंथालयात लेखकाची नोंद वेगळी आणि विषयाची नोंद वेगळी असते. आगरकरांनी लिहिलेली पुस्तकं आणि आगरकरांवर लिहिलेली पुस्तकं एका ड्रॉवरमध्ये शेजारी असली तरी एका नोंदीखाली नसतात. तुमच्याकडे 'लेखन' आणि 'यांच्याविषयी' असे दोन कप्पे असते, तर तो फोन झाला नसता.

पुण्याला ही अडचण नवी नाही. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली बाजीराव पेशव्यांनी घातला. विश्रामबागवाडा बाजीराव पेशव्यांनीच बांधला, पण तो दुसऱ्या बाजीरावांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आणि हा दुसऱ्या बाजीरावांचा वाडा ज्या रस्त्यावर उभा आहे, त्याचं नाव थोरले बाजीराव रस्ता. 'थोरले' हा शब्द तिथं शोभेसाठी आलेला नाही. थोरले माधवराव, सवाई माधवराव, थोरले शाहू, राजर्षी शाहू, ही सगळी नावं वेगळी करण्याचीच युक्ती आहे, आणि लोकांनी ती कुठल्याही नियमावलीशिवाय शोधली. देवांच्या बाबतीतही तेच. पेठांमध्ये मारुतीची देवळं इतकी, की नुसतं मारुती म्हणून कोणाला पत्ता सांगता येईना. मग सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती झाले. पासोड्या विठोबा आणि निवडुंग्या विठोबा झाले. कोणी 'मारुती क्रमांक दोन' म्हटलं नाही. नावापुढं जोडायचा शब्द ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीतला हवा, हे मी नोकरीत शिकले त्याच्या कितीतरी आधी या शहराला ठाऊक होतं.

नावापुढं काही नसलं तर काय होतं, तेही पाहा. १८८० च्या दशकातल्या पुण्यात 'गोपाळराव' म्हटलं तर आगरकर, गोखले की जोशी? त्याच काळातलं 'रमाबाई' हे नाव आणखी अवघड. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला आणि त्या कामात रमाबाई रानडेही होत्या. म्हणजे एका संस्थेत, एका वर्षी, दोन रमाबाई. कोणा तिसऱ्याच्या पत्रात नुसतं 'रमाबाई आल्या होत्या' असं वाक्य सापडलं, तर सूची करणाऱ्यानं तिथं थांबलंच पाहिजे. आणखी एक उदाहरण घेऊ: 'बाळ गंगाधर'. १८३२ साली 'दर्पण' काढणारे जांभेकर बाळ गंगाधर, 'केसरी'वाले टिळक बाळ गंगाधर, आणि मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झालेले खेरही बाळ गंगाधर. इथं आडनाव मदतीला येतं. तुमच्या चार किरणांना तीही सोय नाही.

तर वेगळं करायचं कशाच्या आधारावर?

तुमच्याकडे जो पुरावा आहे, तो आम्हा ग्रंथालयवाल्यांना कधीच मिळाला नाही. लेख तुमच्याकडे ईमेलनं आले. कोणत्या पत्त्यावरून कोणता लेख आला, ते तुमच्या मेलबॉक्समध्ये अजून असेल. बारा वर्षांत माणसानं पत्ता बदललेला असू शकतो किंवा आजोबांचा लेख नातीनं पाठवलेला असू शकतो, पण सुरुवात तिथूनच करा. एका पत्त्यावरून आलेले लेख एका गठ्ठ्यात ठेवा. निम्मं काम तिथंच होईल.

दुसरा पुरावा मराठीनं दिलेला आहे. किरण हे नाव बाईचंही असतं आणि पुरुषाचंही, पण मराठीत 'मी' म्हणून लिहिणारा माणूस क्रियापदात लपू शकत नाही. 'मी टेकडीवर गेले' आणि 'मी टेकडीवर गेलो' ही बहुधा दोन माणसं. बहुधा म्हणते, कारण कोल्हापूरकडच्या बायका बोलताना 'मी आलो' म्हणतात आणि कधी लिहितातही. शिवाय तुमच्यातल्याच कोणी मुद्रितशोधन करताना 'गेलो'चं 'गेले' केलेलं असू शकतं. 'आम्ही गेलो' असेल तर काहीच कळत नाही. मूळ ईमेलमधला मजकूर पाहा, छापलेला नको.

मधलं नाव मिळालं तर उत्तम. पहिले बाजीराव म्हणजे बाजीराव बल्लाळ, दुसरे म्हणजे बाजीराव रघुनाथ. एवढ्यानं प्रश्न मिटतो. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. पेशव्यांच्याच घरात बाळाजींचे चिरंजीव बाजीराव आणि बाजीरावांचे चिरंजीव पुन्हा बाळाजी. अशा घरात दोन पिढ्या सोडल्या की तिन्ही नावं तीच येऊ शकतात. तेव्हा मधलं नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरू नका. काळ जुळतो का, तेही पाहा.

बायकांच्या बाबतीत मधलं नाव आणखी फसवतं, कारण लग्नानंतर ते बदलतं, आडनाव बदलतं, आणि पूर्वी तर पहिलं नावही बदलायचं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह झाल्यावर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. म्हणजे दोन यमुनांची दोन वेगळी नावं झाली, आणि एक यमुना व एक गोदू अशा दोघी आनंदीबाई झाल्या. तुमच्या संग्रहात याची आजची रूपं नक्की असणार. २०१४ साली माहेरच्या आडनावानं लिहिणारी मुलगी २०१८ पासून दोन्ही आडनावं लावते, आणि नंतर कदाचित पुन्हा एकच. एका नावाची अनेक माणसं शोधताना एका माणसाची अनेक नावंही हाती लागतील. दोन्हींची नोंद एकाच वहीत ठेवा.

आद्याक्षरांपासून मात्र सावध राहा, विशेषतः रोमन लिपीतल्या. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे थोरले बंधू, संस्कृतचे पंडित वैजनाथ काशिनाथ राजवाडे. मराठीत 'वि. का.' आणि 'वै. का.' अगदी वेगळे दिसतात. रोमन लिपीत दोघेही 'व्ही. के.' होतात. भारत इतिहास संशोधक मंडळाचे संस्थापक असलेले विश्वनाथराव १९२६ साली वारले. वैजनाथरावांनी संपादित केलेलं निरुक्त भांडारकर संस्थेनं १९४० साली प्रसिद्ध केलं. नुसत्या आद्याक्षरांवर भरवसा ठेवलेल्या कॅटलॉगात १९२६ साली वारलेला इतिहासकार १९४० साली वैदिक ग्रंथ संपादित करताना दिसतो. तुमच्या लेखकांच्या पानांचे वेब-पत्ते रोमनमध्येच तयार होत असणार. तिथं हा घोटाळा नव्यानं होतो, तेव्हा तेही तपासा.

आता एक चूक सांगते, माझी स्वतःची. नव्वदच्या दशकात एका मासिकाच्या जुन्या अंकांची लेखकसूची मी केली. एकाच नाव-आडनावाचे दोन लेखक त्यात होते, आणि दोन आहेत हेच मला कळलं नाही. एक प्राध्यापक, नावाजलेले, पुस्तकं असलेले. त्यामुळे त्या नावाचे सगळे लेख मी त्यांच्या खात्यावर घातले. रानभाज्यांवरचे अकरा छोटे लेख त्यांच्या इतर लिखाणात बसत नव्हते, हे मला दिसलं होतं. 'बहुश्रुत माणूस होता' म्हणून मी पुढं गेले. सूची छापून आल्यावर एक बाई कात्रणांची वही घेऊन ग्रंथालयात आल्या. ते लेख त्यांच्या वडिलांचे होते. वडील शाळेत शिक्षक होते, वारले होते, आणि छापून आलेलं त्यांचं तेवढंच होतं. बाई रागावल्या नाहीत. वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली आणि म्हणाल्या, 'एवढंच होतं हो त्यांचं.' पुढच्या अंकात चार ओळींचं शुद्धिपत्रक आलं. मूळ सूचीच्या प्रती मात्र अजून चुकीच्याच आहेत.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. नावं एकत्र झाली की सगळं वाहत जातं ते मोठ्या नावाकडे. प्राध्यापकांना त्या अकरा लेखांनी काही मिळालं नाही. शिक्षकांचं होतं नव्हतं ते गेलं. तुमच्या संग्रहातही जिचे चाळीस लेख आहेत त्या किरणची काळजी कमी करा. जिचे दोन-तीनच लेख आहेत, तिच्यापासून सुरुवात करा.

म्हणून शंका असेल तिथं वेगळं ठेवा. एकाच माणसाची चुकून दोन पानं झाली तर वाचकाचं अर्धं लिखाण हुकतं, हे नुकसानच आहे. पण खात्री पटली की दोन पानं जोडायला पाच मिनिटं पुरतात. दोन माणसं एका पानावर गेली, तर ती सोडवताना एकेक लेख पुन्हा उघडावा लागतो, आणि तोवर ती चूक शोधयंत्रांनी, इतरांच्या लेखांनी, कुणाच्या तरी प्रबंधानं उचललेली असते. काही लेख कशानंच ठरणार नाहीत. त्यांच्यासाठी त्या नावाचं एक 'अनिर्णित' पान ठेवा आणि वर सरळ लिहा: 'हे लेख या नावाच्या कोणत्या लेखकाचे आहेत हे निश्चित झालेलं नाही, माहिती असल्यास कळवा.' ते पान म्हणजे पाचवा किरण आहे असं मात्र कोणाला वाटू देऊ नका.

नावापुढं कोणता शब्द जोडायचा, हे जिवंत माणसांच्या बाबतीत त्यांनाच विचारा. कामावरून दिलेली ओळख सगळ्यांत चालते: 'पक्षिनिरीक्षण', 'संगीत', 'पाणीपुरवठा'. ती वाचकाला लगेच कळते आणि कोणाचं काही उघडं पडत नाही. ग्रंथालयं जन्मवर्ष वापरतात, कारण त्यांना शेकडो वर्षांची नावं सांभाळायची असतात. हयात, खासगी माणसाचं जन्मवर्ष, राहण्याची पेठ किंवा सोसायटी, नवऱ्याचं नाव यांपैकी काहीही तुम्ही छापू नये. तुमच्या आतल्या वहीत असलं तरी बाहेर नको. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' ही पद्धतही मला पटत नाही. आपल्याकडे दोन अभिनेत्रींचं नाव सोनाली कुलकर्णी आहे, आणि लोक सर्रास असं म्हणतात. दोनांपर्यंत ते चालून जातं. तिसरी आली की मधलीला काय म्हणणार? शिवाय त्या शब्दांनी एकीची ओळख दुसरीच्या मापानं होते. 'दोघी'मधली आणि 'नटरंग'मधली म्हटलं की दोघींना आपापल्या कामाची ओळख मिळते.

हा शब्द पुढं बदलू शकतो. पाण्यावर लिहिणारी किरण उद्या झाडांवर लिहील. म्हणून माणसाची खरी खूण शब्दावर ठेवू नका, आकड्यावर ठेवा. प्रत्येक माणसाला तुमच्या वहीत एक क्रमांक द्या: साधा, चढत्या क्रमाचा, कशाचाही अर्थ नसलेला. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही, आणि नोंद रद्द झाली तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. लेख त्या क्रमांकाला जोडायचा. नाव, ओळखीचा शब्द, जुनी-नवी आडनावं हे सगळं त्या क्रमांकाखाली. वाचकाला क्रमांक दिसायची गरज नाही. जुन्या एकत्र पानाचा वेब-पत्ता मात्र मोडू नका, लोकांनी तो कुठं कुठं दिलेला असेल. त्या पत्त्यावर चारही जणांची नावं, ओळखीचा शब्द आणि प्रत्येकाच्या पानाचा दुवा ठेवा.

वहीत अजून एक रकाना हवाच: हे कशावरून ठरवलं. 'स्वतः फोनवर सांगितलं, तारीख अमुक', 'त्याच ईमेल पत्त्यावरून', 'लेखात तसा उल्लेख', आणि ठरवणाऱ्याचं नाव. पाच वर्षांनी तुमच्या जागी दुसरं कोणी असेल. त्याला निर्णय दिसेल, पण त्यामागचं कारण दिसलं नाही तर तो निर्णय तपासताही येणार नाही आणि बदलताही. माझ्या त्या सूचीत हा रकाना असता तर 'कशावरून?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे छापायच्या आधीच मला दिसलं असतं.

लिपीबद्दल थोडं, कारण याकडे कोणाचं लक्ष जात नाही. 'कऱ्हाडकर'मधला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. 'ॲ'चंही तसंच. त्यामुळे एकाच बाईंची दोन पानं झालेली असतील आणि शोधात एकच सापडत असेल. कुलकर्णी-कुळकर्णी, पाटील-पाटिल, 'वि. का.' आणि 'वि.का.' हेही बघा. जुने लेख युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधून बदलून घेतले असतील तर नावं एकदा डोळ्यांखालून घाला. पण 'कुळकर्णी' लिहिणाऱ्याला परस्पर 'कुलकर्णी' करू नका. माणूस आपलं नाव जसं लिहितो तसंच ते दिसलं पाहिजे. दुसरं रूप शोधासाठी आत ठेवा.

बाहेरचे ओळखक्रमांक तुमच्या फारसे उपयोगी पडणार नाहीत. संशोधकांचा सोळा अंकी ओळखक्रमांक 'ऑर्किड' (ORCID) आणि विकिपीडियाच्या कुटुंबातला माहितीसाठा 'विकिडेटा' ही दोन्ही कामं २०१२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तुमचा एखादा लेखक प्राध्यापक असेल तर त्याचा ऑर्किड विचारून वहीत लिहून ठेवा. जुन्या, दिवंगत लेखकांसाठी चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश आणि १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची अजूनही पहिल्यांदा उघडावी अशी आहे. टेकडीवर पक्षी पाहणाऱ्या किरणची नोंद यांपैकी कुठंच मिळणार नाही. ती तुम्हीच पहिल्यांदा करणार आहात.

छापलेल्या अंकातलं नाव बदलू नका. २०१३ च्या अंकात जे नाव होतं ते तसंच राहू द्या. ओळखीचा शब्द लेखकाच्या पानावर आणि यादीत येऊ द्या. नव्या लेखकाकडून पहिला लेख आला की उत्तराच्या मेलमध्ये दोनच गोष्टी विचारा: नाव कसं छापायचं, आणि या नावानं आमच्याकडे आधी कधी लिहिलंय का. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं आणि संग्रहात ते नाव आधीपासून असेल, तर नवा क्रमांक लगेच द्या.

फोनची सुरुवात सवाई गंधर्वचे वृत्तांत लिहिणाऱ्या किरणपासून करा. तुम्ही कळवलंय की त्या नावाचे संगीतावरचे तीनच लेख आहेत आणि शेवटचा २०१६ चा. ईमेल पत्ता चालत नसेल तर त्या वर्षी तुमच्याकडे संगीताचं सदर कोण पाहत होतं, त्यांना विचारा.